खातं गोठलेलं, तरी चार्ज दर महिन्याला कापला जातोय? आधी आदेशाचा कागद शोधा

गेल्या श्रावणात बेळगावच्या वडगावातले आमचे एक यंत्रमागवाले काका पासबुक घेऊन आले. मी हिशेब लिहिणारा माणूस. शहापूर, वडगाव, खासबाग या भागातल्या वीस-पंचवीस लहान व्यापाऱ्यांच्या वह्या, जीएसटी आणि रिटर्न बघतो. काकांनी पासबुक टेबलावर उघडलं, एका ओळीवर बोट दाबून धरलं आणि म्हणाले, "पैसे जमा झालेत म्हणून दिसतंय, खरं काढता येईनात. आणि बँक आपलं तेवढं बरोबर काढून घेतेय की वो."

त्या पानावर प्रिंटरच्या फिकट शाईत असं होतं: लीगल हँडलिंग (म्हणजे आदेश हाताळणी) २५०.००, त्याखाली जीएसटी ४५.००. चार महिन्यांत हीच जोडी तीनदा. मधे दोनदा रिटर्न चार्ज ५००.०० आणि जीएसटी ९०.००, म्हणजे यंत्राच्या कर्जाचा हप्ता परत गेला त्याचा दंड. सगळं मिळून २,०६५ रुपये. काका तीन वेळा काउंटरवर जाऊन भांडून आले होते. तिन्ही वेळा उत्तर एकच, "सिस्टीमनं कापलंय."

हाच प्रकार मी गेल्या काही वर्षांत दहा-बारा खात्यांत बघितला, म्हणून सविस्तर लिहितोय. सगळ्यांची चूक एकच असते. माणूस २९५ रुपयांसाठी भांडतो आणि खातं कुणाच्या आदेशानं अडलंय हे विचारतच नाही. तो कागद हातात आल्याशिवाय चार्ज बरोबर की चूक हे ठरत नाही, आणि थांबवताही येत नाही.

नेमकं काय लागलंय?

"खातं बंद केलंय" असं सगळेच म्हणतात, पण त्यात चार वेगळ्या गोष्टी असतात. लीन किंवा होल्ड म्हणजे ठरावीक रक्कम बाजूला अडकवलेली, बाकीचे पैसे काढता येतात. मोबाईल ॲपमध्ये एकूण बॅलन्स आणि अव्हेलेबल बॅलन्स यांत फरक दिसला की समजा लीन आहे. डेबिट फ्रीझमध्ये पैसे येतात पण जात नाहीत, काकांचं हेच होतं. पूर्ण फ्रीझमध्ये येणंही बंद. चौथा प्रकार केवायसी थकल्यामुळे लागणारा अडथळा. त्याचा कुठल्याही आदेशाशी संबंध नसतो, आधार-पॅन घेऊन शाखेत गेलात की निघतो. त्यामुळं चौथा प्रकार नाही ना, हे आधी बघून घ्या. आमच्या गल्लीतल्या एक वहिनी आठ दिवस "कोर्टाचं काही आलंय" म्हणून घाबरून होत्या, निघाली केवायसी.

शाखेत विचारायचं ते एवढंच: आदेश कुणाचा, क्रमांक आणि तारीख काय, रक्कम किती, आणि फ्रीझ पूर्ण रकमेला लावलाय की तेवढ्याच रकमेला. तोंडी विचारू नका. मी हा मजकूर वापरतो:

"माझ्या खात्यावर दिनांक अमुकपासून व्यवहार रोखले आहेत. रोखण्याचा आदेश देणाऱ्या कार्यालयाचं नाव, आदेश क्रमांक, तारीख व रक्कम लेखी कळवावी. तसंच अमुक तारखांना आकारलेलं शुल्क बँकेच्या सेवाशुल्क यादीतल्या कोणत्या बाबीखाली व कितीवेळा आकारलं आहे, हेही कळवावं."

दोन प्रती काढायच्या आणि एकीवर शिक्का-सही घ्यायची. ईमेल केलीत तर शाखेच्या पत्त्यासोबत तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही टाका. सरकारी बँक असेल आणि उत्तर येत नसेल तर दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो, त्यांना तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खासगी बँकेला हा कायदा लागत नाही.

चार्ज परत परत का लागतो

आता मुद्द्याचं. आदेश कुठून आलाय यावर चार्ज एकदा लागणार की दर महिन्याला, हे बरंचसं ठरतं.

दिवाणी कोर्टाचा गार्निशी आदेश (थकबाकीदाराचे पैसे बँकेकडून वसूल करायचा) बँकेला पोहोचतो त्या वेळी खात्यात जे असेल त्याला लागतो. पुढच्या आठवड्यात आलेल्या पैशाला तो आपोआप लागत नाही. आयकराचं तसं नाही. १९६१ च्या कायद्यातलं कलम २२६(३) नुसतं आज असलेल्या पैशाला नाही, तर पुढं जमा होऊ शकणाऱ्या पैशालाही लागतं. जीएसटीच्या कलम ७९ खाली बँकेला येणाऱ्या नोटिशीचंही तेच. म्हणजे काकांच्या खात्यात सुरतेच्या व्यापाऱ्याचे पैसे आले की बँकेनं ते उचलून आयकर खात्याकडं पाठवायचे, पुढच्या महिन्यात आले की परत पाठवायचे. बँकेनं प्रत्येक वेळी पाठवणी केली आणि प्रत्येक वेळी २५० लावले. एक नोटीस, तीन चार्ज.

इथंच बँकेचं चुकलं होतं, आणि ते बँकेच्या स्वतःच्याच यादीत सापडलं. बँकांना सेवाशुल्काची यादी शाखेत आणि वेबसाइटवर लावावी लागते. काकांच्या बँकेच्या यादीत ही बाब होती, आणि तिच्यासमोर लिहिलं होतं "प्रत्येक आदेशास". पाठवणीला नव्हे, आदेशाला. म्हणजे तीनपैकी दोन चार्ज त्यांच्याच कागदानुसार जादा. सगळ्या बँकांत ही बाब नसते. काही बँका लावतात, काही लावत नाहीत. यादीत बाबच नसेल तर वाद आणखी सोपा होतो. शुल्क वाजवी असावं आणि सेवा द्यायला येणाऱ्या सरासरी खर्चाच्या फार वर नसावं, असं रिझर्व्ह बँकेचं बँकांना सांगणं आहे. एका कागदावर लीन मार्क करायला किती खर्च येतो हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला विचाराल तर ग्राहकाला औषधाला पैसे निघत नाहीत त्या खात्यातून बँकेचे २५० निघतात, हेच मला पटत नाही.

दुसरं कारण म्हणजे मागून येणारे चार्ज. खात्याला डेबिट फ्रीझ लागला की हप्ता, विम्याचा प्रीमियम, वीजबिलाचा ऑटो-पे सगळं परत जातं. प्रत्येक परतीला तुमची बँक दंड लावते, आणि कर्ज देणारी कंपनी आपला वेगळा लावते. मुळातल्या चार्जपेक्षा हा खड्डा मोठा असतो. म्हणून फ्रीझ कळल्या दिवशी पहिलं काम हे करा, की हप्ते दुसऱ्या खात्यावर वळवा किंवा हाती भरून पावती घ्या, आणि कर्ज कंपनीला "खातं आदेशानं रोखलंय" असं लेखी कळवा. कुणाला चेक दिलेले असतील तर त्यांनाही आधी सांगा. चेक परतल्यावर मेमोवर "अपुरी शिल्लक" आलं की "खातं रोखलेलं" आलं, हे जपून ठेवा, पुढं वकिलाला तोच कागद लागतो.

खात्यात शिल्लक कमी झाली म्हणून किमान शिल्लकेचा दंड लागत राहिला तरी त्यानं खातं उणे जाता कामा नये, हा रिझर्व्ह बँकेचा २०१५ पासूनचा नियम आहे. उणे आकडा दिसला तर हे सांगा. आणि उलट बाजूनं, गोठलेल्या बचत खात्यावरचं व्याज थांबत नाही, ते नेहमीसारखं जमा झालं पाहिजे. ते कुणी बघतच नाही.

तिसरं कारण सगळ्यात चीड आणणारं. आदेश मागं घेतला जातो, पण बँकेत लीन तसंच राहतं. बऱ्याच मोठ्या बँकांत हे काम आता शाखेत होत नाही, कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या मध्यवर्ती कक्षात होतं. आयकर खात्याचं आदेश मागं घेतल्याचं पत्र तिकडं जातं, शाखा म्हणते आमच्याकडं काही आलं नाही. काकांच्या बाबतीत यात पाच आठवडे गेले.

आदेश मागं घ्यायला लावायचा कसा

काकांची मूळ अडचण काय होती ते ऐकून हसू येईल. तीन वर्षांपूर्वीच्या रिटर्नमध्ये कापलेला टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) आणि आयकर खात्याच्या नोंदीतला टीडीएस जुळला नव्हता. त्यातून मागणी निघाली, नोटीस जुन्या पत्त्यावर गेली. २२६(३) च्या नोटिशीची प्रत करदात्याला त्याच्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवायची असते, आणि काकांचा शेवटचा माहीत असलेला पत्ता म्हणजे भाड्याचं जुनं घर. आयकराच्या कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज टाकला, मागणी शून्यावर आली. जिथं मागणी खरोखर वादाची असते तिथं अपील करून वीस टक्के भरले तर पहिल्या अपिलापर्यंत वसुली थांबवता येते, तसं आयकर खात्याचं ३१ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. जीएसटीत अपील करताना वादातल्या कराच्या दहा टक्के भरले की उरलेल्याची वसुली कायद्यानंच थांबते. आयकराचा २०२५ चा नवा कायदा आल्यावर कलमांचे आकडे बदललेत, म्हणून तुमच्या नोटिशीवर जो आकडा आहे तोच अर्जात उतरवा.

जीएसटीची तात्पुरती जप्ती वेगळी. कलम ८३ खाली येते, नोटीस डीआरसी-२२ नमुन्यात असते आणि वर्ष झालं की आपोआप संपते. आक्षेप डीआरसी-२२ए मध्ये घ्यायचा. निपाणीच्या एका तंबाखू दलालाचं खातं वर्ष उलटून गेल्यावरही अडकलेलं होतं, कारण बँकेत कुणी तारीखच मोजली नव्हती. वर्ष संपल्याची तारीख लिहून दिली, चौथ्या दिवशी निघालं.

जोडखातं असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवा. आयकराच्या नोटिशीत जोडखात्यातले हिस्से समान धरले जातात, पण उलट पुरावा दिला तर बदलतात. आईचं पेन्शन मुलाबरोबरच्या जोडखात्यात जमा होतं आणि मुलाच्या करासाठी ते अर्धं अडकतं, असं होतं. पेन्शन कुठून येतं ते दाखवणारं स्टेटमेंट नेऊन द्या. कोर्टाच्या हुकूमनाम्यासाठी तर पेन्शन जप्त करता येत नाही, १८७१ च्या पेन्शन कायद्याचं कलम ११ आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० बघा. पगारातलेही पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात, पोटगीचा हुकूमनामा नसेल तर.

सायबर पोलिसांचा फ्रीझ

हल्ली सगळ्यात जास्त प्रकरणं याचीच. कुणीतरी फसवणुकीची तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर केली, पैसा चार-पाच खात्यांतून फिरत तुमच्या खात्यात १,८०० रुपयांची साडी विकल्याच्या रूपानं आला, आणि खातं गोठलं. पोलीस ठाणं कुठलंही असतं, तेलंगणातलं, गुजरातमधलं. इथं बँकेकडून तक्रारीचा पावती क्रमांक, ठाणं, राज्य आणि वादातली रक्कम एवढं घ्या. १,८०० च्या वादासाठी ६४,००० चं खातं अडकलं असेल तर वादातल्या रकमेपुरतंच लीन ठेवा, असा अर्ज बँकेला आणि त्या ठाण्याला करा. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये तसंच सांगितलंय. विक्रीचं बिल, कुरियरची पावती, गिऱ्हाइकाबरोबरचं व्हॉट्सॲप हे सगळं जोडा. पोलिसांचा अधिकार आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मधून येतो, आणि जप्तीची माहिती दंडाधिकाऱ्याला ताबडतोब द्यावी लागते. दिली का, हे विचारायला हरकत नाही. ठाणं दाद देत नसेल तर त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो. पत्र कसं लिहायचं इथंच अडलं असेल तर बेळगावच्या सेन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणाऱ्या) पोलीस ठाण्यात जाऊन विचारा, ते परराज्यातल्या ठाण्याचा फ्रीझ काढू शकत नाहीत, पण रस्ता सांगतात. "पाच हजार द्या, मी काढून देतो" म्हणणाऱ्या फोनला मात्र एक पैसा देऊ नका. गोठलेल्या खात्याच्या मागं हे लोक हमखास येतात.

आपल्याकडची भानगड

सीमाभागात यात एक जादा गुंता असतो. शाखा कर्नाटकात, आदेश महाराष्ट्रातून. कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडकडच्या व्यवहारातला निकाल इकडच्या खात्याला लागतो तेव्हा ज्या कोर्टाच्या हद्दीत शाखा आहे तिथून बजावणी व्हायची असते. हद्दीबाहेरच्या जप्तीसाठी कोर्ट जो आगाऊ आदेश धाडतं, तो मुदत वाढवली नाही तर दोन महिन्यांत संपतो. निपाणीच्या एका शाखेत मराठीतला हुकूम वाचणारं कुणी नव्हतं, व्यवस्थापक बदलून आलेले परप्रांतातले. रक्कम कळेना म्हणून त्यांनी सरळ पूर्ण खातं बंद केलं. मी जाऊन हुकमातली रकमेची ओळ वाचून दाखवली, तिचं इंग्रजी करून दिलं, दुपारी फ्रीझचं लीन झालं. उलटंही होतं, कन्नड नोटीस घरात आठ दिवस टीव्हीवर पडून राहते आणि मुदत जाते. फोटो काढून वाचता येणाऱ्या माणसाला त्याच दिवशी पाठवा.

नावाचा घोळ दुसरा. येळ्ळूर, खानापूर भागात एकाच नावाचे, वडिलांचंही नाव तेच असे दोघे-तिघे पाटील सहज निघतात. कन्नडमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून परत लिहिताना स्पेलिंग फिरतं, आणि भलत्याच पाटलांचं खातं अडतं. यावर नावानं वाद घालत बसू नका. पॅन आणि आदेशातला पॅन शेजारी-शेजारी ठेवा, जुळत नसेल तर त्याच दिवशी लेखी द्या आणि चार्ज जीएसटीसकट परत मागा. चूक तुमची नाही, तर शुल्क कशाचं?

भाषेचं म्हणाल तर शाखेतले फलक कन्नड, हिंदी, इंग्रजीत असतात, मराठीत नसतात. सरकारी अधिकाऱ्याकडं गाऱ्हाणं मराठीत मांडायचा हक्क संविधानाच्या कलम ३५० नं दिलाय, आणि तो वापरावा. पण पैसे अडकलेत तेव्हा मी मराठी अर्जाला इंग्रजी प्रत जोडतो, कारण तो कागद शेवटी चेन्नईत की मुंबईत कोण वाचणार हे मला माहीत नसतं.

बँक ऐकतच नसेल तर

बँकेला लेखी तक्रार देऊन तीस दिवस झाले, उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडं तक्रार करता येते. फुकट आहे, वकिलामार्फत केलेली चालत नाही, माहितीला १४४४८ हा नंबर. पण तक्रार लिहिताना सांभाळा. "माझं खातं गोठवलं" असं लिहिलंत तर ती बाजूला पडते, कारण सरकारी किंवा पोलीस आदेशावरून केलेल्या गोष्टी लोकपालाच्या कक्षेबाहेर आहेत. "यादीत नसलेलं शुल्क घेतलं", "एका आदेशाला तीनदा घेतलं", "आदेश मागं घेतल्यावरही लीन काढलं नाही" असं लिहा. ते बँकेचं स्वतःचं काम, त्यावर तक्रार चालते.

खातं सौहार्द सहकारी पतसंस्थेत असेल तर हा रस्ता नाही. आपल्याकडं गल्लोगल्ली सौहार्द आहेत आणि बरेच जण त्यांना बँकच म्हणतात, पण त्या कर्नाटकच्या १९९७ च्या कायद्याखाली नोंदल्यात, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाखाली येत नाहीत, ठेवीला पाच लाखांचा विमाही नसतो. तिथली तक्रार सहकार खात्याकडं.

आणि बँकेनं स्वतःच्या थकलेल्या कर्जासाठी होल्ड लावला असेल, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार तिकडं वळवले असतील, तर तो आदेश नव्हेच. तिथं "आदेश हाताळणी" या नावानं चार्ज लावला असेल तर कुठल्या आदेशाची, एवढंच विचारा.

काकांचं पुढं काय झालं? "प्रत्येक आदेशास" या ओळीखाली रेघ मारून यादीची प्रत जोडली, तक्रार दिली, बाराव्या दिवशी दोन चार्ज उलटले. हप्ता परतल्याचे दोन दंड मात्र बँकेनं सोडले नाहीत, ते आम्हीच आधी कळवायला हवं होतं. काका पासबुक छापून घेऊन आले, खूश होते. मी ओळी बघितल्या: २५०.०० जमा, २५०.०० जमा. जीएसटीचे ४५ अधिक ४५ कुठंच नव्हते. नव्वद रुपयांसाठी सोमवारी परत अर्ज दिला.